स्वखुशीने

सातवीच्या मुलांना मी दरवर्षी दरख्वास्त लिहायला शिकवते. मराठीत आपण तिला अर्ज म्हणतो. वर मुख्याध्यापकांचा मायना, मग विषय, मग मजकूर, शेवटी नाव, इयत्ता आणि तारीख. नमुन्यात तापाने आजारी असलेला एक मुलगा असतो. मग वर्षभर माझ्या टेबलावर जे अर्ज येतात त्यांतली सगळी मुले तापानेच आजारी असतात. मामूच्या लग्नाला गेलेलाही तापानेच आजारी असतो. उर्दूत मराठीप्रमाणेच क्रियापदाला लिंग असते, तरी मुलीसुद्धा 'न आ सका' असेच लिहून आणतात. मी विचारले की म्हणतात, "मॅडम, नमुन्यात तसंच आहे."

नमुन्याची ताकद ही अशी असते. माणसाने तोंड उघडायच्या आधी तो बोलून मोकळा होतो. शाळेच्या अर्जात त्याने काही बिघडत नाही. पण कोर्टाच्या आणि खरेदी-विक्रीच्या कागदांत बिघडते, हे मला आपाच्या ऑफिसात बसून कळले.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघी एकाच उर्दू शाळेत शिकलो. मी बी.एड. करून शिक्षिका झाले, ती कायद्याकडे वळली आणि आता तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. पोटगी, वाटप, वारसा, भाड्याचे वाद अशी साधी माणसांची साधी कामे. तिने 2023 साली केस सांभाळण्याचे एक सॉफ्टवेअर घेतले. पक्षकाराचे नाव-पत्ता, केस नंबर, पुढची तारीख, फीचा हिशेब सगळे एका जागी. त्यात कागदपत्रांच्या नमुन्यांची सोय होती. वकालतनामा, प्रतिज्ञापत्र, नोटीस, दावा यांचे नमुने एकदा बसवून ठेवायचे. जिथे नाव यायचे तिथे नाव न लिहिता एक खूण ठेवायची: 'अर्जदाराचे नाव', 'वय', 'राहणार'. मग पक्षकार निवडून बटण दाबले की सॉफ्टवेअर त्या खुणांच्या जागी त्याची माहिती भरते आणि तयार कागद हातात देते. पूर्वी टायपिस्ट जुनी फाइल उघडून त्यावरच नवे नाव टाकायचा. त्यामुळे बागवानांच्या दाव्यात कुठेतरी मधेच कुलकर्णी निघायचे. तो धोका आता टळला.

पण नमुने बसवायचे कोणी? सॉफ्टवेअरमध्ये आलेले सगळे इंग्रजी होते. तालुक्याच्या कोर्टात काम मराठीत चालते. मला मराठी आणि उर्दू दोन्ही टाईप करता येते म्हणून 2024 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपाने मला बसवून घेतले. पगार म्हणजे रोज संध्याकाळी चहा आणि खारी.

पहिल्या दिवसापासून एका गोष्टीची मौज वाटत होती. कोर्टाची मराठी वाचताना मला परक्या घरात आल्यासारखे वाटलेच नाही. अर्ज, वकील, दावा, हक्क, वारस, तारीख, कैफियत, हरकत हे सगळे शब्द मी उर्दूच्या तासाला शिकवते. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी कचेरीत हे शब्द टिकून राहिले. फक्त इथे येऊन त्यांनी नोकरी बदलली. उर्दूत कैफियत म्हणजे हालहवाल, कोर्टात ती प्रतिवादीने दाव्याला दिलेले लेखी उत्तर. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, इथे आक्षेप. 'हक्कसोडपत्र' हा शब्द तर मी फळ्यावर लिहून मुलांना फोडूनही दाखवला. हक्क अरबी, सोड मराठी, पत्र संस्कृत. एका शब्दात तीन भाषा नांदतात. त्या शब्दाकडे मी पुढे येणार आहे.

काम मात्र मौजेचे नव्हते. पहिली अडचण क्रियापदाची. इंग्रजी नमुन्यात 'ही' आणि 'शी' एवढा फरक केला की बाई-पुरुष दोघांचे काम भागते. मराठी प्रतिज्ञापत्र म्हणते, 'मी शपथेवर सांगतो की'. मग 'राहतो', 'करतो', 'सही करतो'. छापील फॉर्मवर 'सांगतो/सांगते' असे असायचे आणि नको ते खोडायचे. बहुतेक वेळा कोणी खोडत नसे. जुन्या नमुन्यांत तर पुरुषाचेच रूप होते. आपाकडे येणाऱ्यांत बायका अधिक, आणि त्या सगळ्या कोर्टाला 'मी सांगतो' म्हणत होत्या. आम्ही प्रत्येक क्रियापदाला अट लावली. पक्षकार स्त्री असेल तर 'सांगते', पुरुष असेल तर 'सांगतो'. एका प्रतिज्ञापत्रात अशा अकरा जागा निघाल्या. जुन्या दस्तांच्या भाषेने ही अडचण फार पूर्वी सोडवली होती, हेही तेव्हाच ध्यानात आले. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' हे शब्द बाईलाही चालतात आणि पुरुषालाही.

दुसरी अडचण नावाची. सॉफ्टवेअरला पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन रकाने माहीत. आपल्याकडे एकच माणूस रेशन कार्डावर शेख रफिक अब्दुलगनी असतो, आधारवर रफिक शेख, शाळेच्या दाखल्यावर रफिकअहमद. बायकांचे तर विचारूच नका. माहेरी शहनाज, निकाहनाम्यात शहनाज बेगम, मतदार यादीत शहनाजबी. मग 'वरील सर्व नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. आम्ही 'उर्फ' नावाचा नवा रकाना काढला, तोही एका माणसाला तीन-चार नावे मावतील असा. मराठीतले नाव ठेवायला वेगळा रकाना काढला, कारण इंग्रजीतले नाव मराठी कागदात तसेच उमटत होते. मधल्या काळात सरकारनेही आपल्या नमुन्यात बदल केला होता. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत बाळाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात लागू झाला. हे ऐकून आमच्या अम्मीला फार नवल वाटले. म्हणाली, "म्हणजे आता आईलाही जागा झाली."

मग 1 जुलै आला. त्या दिवसापासून देशात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता. नमुन्यांतले जवळजवळ सगळे फौजदारी आकडे बदलले. शाळा सुरू झाली होती, तरी मी रविवारी जात होते. बायकोच्या पोटगीचे कलम 125 होते, ते 144 झाले. आपल्या वस्त्यांत 144 हा आकडा लहान पोरांनाही माहीत असतो. जमावबंदी, बंद दुकाने, रस्त्यावरची पोलीस गाडी. आता जमावबंदीचे कलम 163 आहे, आणि 144 म्हणजे टाकून दिलेल्या बाईच्या भाकरीचे कलम.

इथे एक मोठा धोका होता. संगणकात एक शब्द शोधून सगळीकडे दुसरा घालण्याची सोय असते. कोणी घाईने आधी 125 चे 144 केले आणि मग 144 चे 163 केले, तर पोटगीचा प्रत्येक अर्ज जमावबंदीचा अर्ज होऊन बसेल. तसेच अटकपूर्व जामिनाचे. ते 438 होते, आता 482 झाले. आणि जुने 482, म्हणजे गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे जाण्याचे कलम, ते झाले 528. म्हणून आपाने शेपटाकडून सुरुवात केली. आधी 482 चे 528, मग 438 चे 482. आधी 144 चे 163, मग 125 चे 144. त्यातही 1 जुलैपूर्वी दाखल झालेली प्रकरणे जुन्याच कायद्याने चालणार होती. म्हणून जुना नमुना पुसायचा नव्हता, दोन्ही ठेवायचे होते आणि दाखल तारखेवरून निवडायचे होते. गणिताच्या तासाला पायऱ्यांचा क्रम का पाळायचा, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

त्याच महिन्यात, 10 जुलै 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद अब्दुल समद विरुद्ध तेलंगणा राज्य या खटल्यात निकाल दिला की तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीलाही कलम 125 खाली पोटगी मागता येते. 23 एप्रिल 1985 च्या शाहबानो निकालापासून हा प्रश्न आपल्या समाजात किती तापला, हे या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको. आपाने पोटगीचा नमुना पुन्हा उघडला. पहिल्याच ओळीत ती अडली. आमच्या भागात कागदावर बाईचे नाव 'अमुक भ्र. तमुक' असे लिहितात. भ्र. म्हणजे भ्रतार. सॉफ्टवेअर नवऱ्याचे नाव आपोआप उचलून तिथे ठेवत होते आणि नावामागे 'सौ.' लावत होते. "ज्याने तलाक दिला, ज्याच्याविरुद्ध ही दाद मागते, त्याच्याच नावाने हिला हजर करायचं?" आपा म्हणाली. मग रकाना बदलला. सौ., श्रीमती, कु. यांपैकी काहीच आपोआप येणार नाही. ओळख वडिलांच्या नावाने, आईच्या नावाने की नवऱ्याच्या नावाने, हे बाईला विचारून भरायचे.

काही नमुने मात्र दुरुस्त करण्यासारखे नव्हते. एका ज्येष्ठ वकिलांकडून मिळालेल्या जुन्या गठ्ठ्यात तलाकची नोटीस होती, तीन वेळा तो शब्द लिहिलेली. 22 ऑगस्ट 2017 च्या निकालाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरला आणि 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला. आपाने तो नमुना उघडलाही नाही, पुसून टाकला.

वाटपाच्या दाव्याचा नमुना वाचताना मला वेगळेच शिकायला मिळाले. त्यात होते, 'वादी व प्रतिवादी एकत्र हिंदू कुटुंबातील असून दावा मिळकतीत वादीस जन्मतः हक्क आहे.' आपल्या पक्षकारांसाठी टायपिस्ट त्यातला 'हिंदू' शब्द तेवढा काढत असे. पण दुखणे त्या एका शब्दात नव्हते. मुस्लिम कायद्यात वडिलांच्या मिळकतीत मुलाला जन्मतः हक्क मिळत नाही. वडील गेल्यावरच वारसांचे हिस्से उघडतात. नाव बदलून वाक्य आपले होत नाही, सगळा परिच्छेद नव्याने लिहावा लागतो. आणि तो लिहायला बसले की मग दुसऱ्यांकडे बोट दाखवता येत नाही, कारण पुढचा नमुना आपला स्वतःचाच असतो.

तो नमुना हक्कसोडपत्राचा. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगितले आहेत. मुलाला दोन भाग, मुलीला एक, मुले असताना विधवेला आठवा हिस्सा. आपण हे मोठ्या अभिमानाने सांगतो की इस्लामने मुलीला चौदाशे वर्षांपूर्वी वारसा दिला. आणि मग बाप गेल्यावर चाळिसाव्यानंतर बहिणीला रिक्षात बसवून निबंधक कार्यालयात आणतो. तिथे तिच्यापुढे जो कागद येतो त्यात आधीपासून छापलेले असते की ती 'भावाबद्दलच्या नैसर्गिक प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय व कोणताही मोबदला न घेता' आपला हक्क कायमचा सोडत आहे. तिचे नाव अजून भरायचे आहे, वय भरायचे आहे, मिळकत भरायची आहे. खुशी मात्र अगोदरच भरून ठेवलेली आहे. या 'स्वखुशी'तही स्व संस्कृत आहे आणि खुशी फारसी. बाई तेवढी त्यात कुठे नाही.

मी आपाला म्हटले, हा शब्दच काढून टाक. ती हसली. म्हणाली, "काढून चालणार नाही. भारतीय करार कायदा 1872 चा आहे, त्यात संमती मुक्त असली पाहिजे असंच लिहिलंय. शब्द लागतो. पण तो छापलेला नको. विचारून मग लिहायचा."

तिने नमुन्यात तीन बदल केले. पहिला, सगळ्या वारसांची यादी आणि प्रत्येकाचा हिस्सा, अपूर्णांकात आणि चौरस फुटांतही. दुसरा, सोडणाऱ्या बहिणीच्या हिश्श्याची सरकारी दराने किंमत, अंकी आणि अक्षरी. तिसरा, 'स्वखुशीने' ठरीव मजकुरातून निघाला आणि त्या जागी एक सक्तीचा रकाना आला: 'हक्क सोडण्याचे कारण, लिहून देणारीच्या शब्दांत'. आपाने बाईशी एकटीने बोलल्याशिवाय तो भरायचा नाही, आणि तो भरल्याशिवाय सॉफ्टवेअर कागद तयारच करत नाही. शिवाय ज्यांचे शिक्षण उर्दूत झाले त्यांच्यासाठी मी वाचायला एक उर्दू प्रत बसवली. नोंदणी मराठी कागदाचीच होते, पण सही करण्याआधी काय सोडतो आहोत ते आपल्या लिपीत वाचता यावे, एवढाच तिचा उपयोग.

याचे सगळ्यांनी स्वागत केले असे नाही. एक भाऊ दोन बहिणींना घेऊन आला होता. तक्ता पाहून म्हणाला, "वकीलसाहेबा, आम्ही भांडायला आलो नाही, सोडायला आलोय." आणि कागद उचलून दुसऱ्या वकिलाकडे गेला. तिथे जुना नमुना असणारच. दुसऱ्या एका बाईने तक्ता दोनदा वाचला, आपला हिस्सा किती ते बोटाने मोजले आणि तरीही सोडला. कारणाच्या रकान्यात तिने सांगितले की भावाने तिच्या दोन मुलींची लग्ने करून दिली, तिला फेडायचे आहे. आपाने तेच शब्द टाईप केले. तो कागद वाचताना मला पहिल्यांदा वाटले की हा कोणीतरी खरोखर लिहून दिला आहे.

आता घरचे सांगते. आमचे अब्बा 2021 साली गेले. मागे अम्मी, एक भाईजान आणि आम्ही दोघी बहिणी. घर आणि मागची मोकळी जागा मिळून 3200 चौरस फूट. भाईजान पुण्यात असतात, माणूस चांगला आहे, अम्मीच्या औषधपाण्याचा खर्च न चुकता पाठवतो. गेल्या वर्षी त्याला घर दुरुस्त करायला कर्ज काढायचे होते, त्यासाठी मिळकत एका नावावर हवी होती. त्याच्या वकिलाने कागद पाठवला. लिहून देणार म्हणून आम्हा दोघी बहिणींची नावे. नैसर्गिक प्रेमापोटी. स्वखुशीने. शेवटी 'सही करतो'.

अम्मी म्हणाली, "सही करून टाका. हिस्सा मागितला की माहेर तुटतं." ती हे रागाने म्हणाली नाही. तिच्या दोन्ही फुफींनी सही केली होती, तिने स्वतः केली होती. सही केलेल्या बाईला ईदेला साडी येते, न केलेल्या बाईला नोटीस, असा तिचा अनुभव.

आपाने भांडण काढले नाही. तिने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये अब्बांच्या नावाने एक फाइल उघडली, चार वारस भरले आणि आपल्या नमुन्याचा मसुदा काढला. कारणाच्या जागी आमच्या दोघींपुढे फक्त 'विचारायचे आहे' एवढे घातले. अम्मी 1/8, म्हणजे 400 चौरस फूट. भाईजान 7/16, म्हणजे 1400. आम्ही दोघी 7/32 प्रत्येकी, म्हणजे 700 आणि 700. मराठी प्रत भाईजानला पाठवली, उर्दू प्रत अम्मीच्या हातात दिली.

रात्री भाईजानचा फोन आला. मी त्याच्या आवाजाची वाट पाहत होते, रागाची तयारी करून. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अम्मीचाही हिस्सा असतो?" त्याच्या वकिलाच्या कागदात अम्मीचे नावच नव्हते. विधवा आई घरातच राहते, ती कुठे जाणार, म्हणून कोणाला तिला लिहावेसे वाटले नव्हते. खरे सांगायचे तर तिला स्वतःलाही वाटले नव्हते. आमचे बोलणे चालू असताना ती चष्मा लावून उर्दू प्रत वाचत बसली होती. मग तिने विचारले, "चारशे फूट म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणी धरून किती होतं?"

तो मसुदा अजून तसाच आहे. भाईजानने कर्जाचे काम थांबवले आहे, पैसे पाठवणे थांबवलेले नाही. येत्या सुट्टीत सगळ्यांनी बसून ठरवायचे आहे. मी माझे 700 फूट सोडीन की ठेवीन, हे माझे मलाच अजून ठरवता आलेले नाही. भाईजानवर माझे प्रेम आहे, आणि ते कागदावर कोणी छापल्यामुळे नाही. माझ्या नावापुढचा कारणाचा रकाना अजून भरलेला नाही. त्यात जे काही लिहिले जाईल ते मला विचारून लिहिले जाईल, आणि त्याखाली 'सही करते' असे असेल.